केळीशी आपला डीएनए निम्मा जुळतो?

‘माणसाचा ५० टक्के डीएनए केळीसारखा’ हा मेसेज अधूनमधून फिरतोच. आकडा अगदीच हवेतला नाही, फक्त तो अख्ख्या डीएनएचा नाही. तुलना होते प्रथिने बनवणाऱ्या जनुकांची, आणि तो भाग आपल्या जीनोमच्या (म्हणजे अख्ख्या डीएनएच्या) जेमतेम १ ते २ टक्के. त्यातल्या बऱ्याच जनुकांचे भाऊबंद केळीत सापडतात. पण भाऊबंद म्हणजे हुबेहूब प्रत नव्हे.

हिस्टोन एच४ (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) मात्र थक्क करतं: गाय आणि वाटाणा यांच्यात त्याच्या १०२ अमिनो आम्लांपैकी (प्रथिनाच्या विटाच त्या) फक्त २ वेगळी!

पडताळायचंय? माणसाच्या एच४मधल्या अमिनो आम्लांचा क्रम ब्लास्टमध्ये (असे क्रम जुळवून बघणारं ऑनलाइन साधन) टाका, शोध वनस्पतींपुरता ठेवा. जुळणीच्या टक्केवारीआधी ई-मूल्य बघा, म्हणजे इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल याचा अंदाज. ते शून्याला टेकलं असेल तर जुळणी योगायोगाची नाही, पूर्वज एकच. मग हिमोग्लोबिन टाका. टक्केवारी बरीच घसरते.