सदाहरित डहाळ्यांची सजावट

पाइन, फर, सीडर, जुनिपर, होली अशी जी झाडं हिवाळ्यातही हिरवी राहतात त्यांच्या छाटलेल्या डहाळ्या घेऊन ख्रिसमसला दारावरची रीथ म्हणजे डहाळ्यांचं गोल कडं, माळा, टेबलावरची मांडणी करतात, ती ही सजावट. प्रथा जुनी आहे, प्राचीन रोममध्ये डिसेंबरातल्या सॅटर्नेलिया सणाला पण घरात हिरव्या फांद्या लावायचे. अ‍ॅडव्हेंटची, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यांतली, मेणबत्त्यांची रीथ मात्र बरीच अलीकडची, योहान हिनरिश विशर्न यांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्गला गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या तिथून ती सुरू झाली, हिरव्या फांद्या त्यावर नंतर आल्या.

यासाठी झाड तोडायची अजिबात गरज नाही. नेहमीच्या छाटणीत निघालेलं किंवा ख्रिसमस ट्रीच्या खालच्या कापलेल्या फांद्या भरपूर होतात. झाडावरून घ्यायचंच असेल तर सगळीकडून थोडं थोडं घ्यावं आणि पाइनची फांदी हिरव्या सुया असलेल्या भागातच कापावी, कारण मागच्या उघड्या लाकडाला सहसा परत फुटवा येत नाही.

खरा प्रश्न पुढे येतो. पानं नैसर्गिक असली तरी ती प्लास्टिकच्या रिंगवर, गरम गोंदाने चिकटवून वर स्प्रे पेंट आणि ग्लिटर मारलं की ते सगळं कचऱ्यातच जाणार, आणि प्लास्टिकचं ग्लिटर म्हणजे मायक्रोप्लास्टिक (प्लास्टिकचे अगदी बारीक कण), युरोपियन युनियनने २०२३ मध्ये अशा सुट्या ग्लिटरच्या विक्रीवर बंदी आणली ती यासाठीच. त्यामुळे कडं द्राक्षवेलीचं किंवा विलोच्या काड्यांचं वळावं, बांधायला सुतळी घ्यावी, रंगासाठी संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या आणि पाइनचे शंकू पुरतात.

डहाळ्यांची टोकं तिरकी कापून रात्रभर पाण्यात ठेवली की जास्त टिकतात. फरच्या सुया बरेच दिवस राहतात, स्प्रूस आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांच्या सुया घरातल्या उबेत पटापट गळतात म्हणून ते बाहेरच्या दाराला बरे. हीटर आणि पेटत्या मेणबत्तीपासून लांबच ठेवायचं, सुकलेल्या सुया क्षणात पेट घेतात. लहान मुलं किंवा कुत्री-मांजरं असतील त्या घरात यू हे सदाहरित झाड नकोच, ते फार विषारी आहे, होली आणि मिसलटो (ख्रिसमसला टांगतात ते बांडगूळ) यांची फळंही पोटात जाता कामा नयेत.

सण झाला की सुतळी सोडवून डहाळ्या बारीक करून कंपोस्टमध्ये टाकता येतात. सुया कुजायला वेळ लागतो, म्हणून बरेच जण त्या सरळ झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरतात.