मागाचा खडखडाट आणि कानातल्या पेशी

सोलापूरच्या पूर्व भागात भरदुपारी वीज गेली की गल्लीतल्या यंत्रमागांच्या शेडचा खडखडाट एका क्षणात थांबतो. कामगार मात्र बाहेर ओट्यावर येऊन बसले तरी बराच वेळ एकमेकांशी ओरडूनच बोलत राहतात. नवख्याला भांडण जुंपले आहे असे वाटावे, पण वाद चहा कोणी आणायचा एवढाच असतो. याला सवय म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या वेळी त्यांच्या कानांना खरोखरच कमी ऐकू येत असते.

धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, उडून डोळ्याला लागला किंवा पट्ट्यात बोट सापडले तर त्याला अपघात म्हणतात, धावाधाव होते, मालकाला उत्तर द्यावे लागते. ऐकू येईनासे झाले तर ते वयाच्या खात्यावर टाकले जाते. वास्तविक १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांची सूचना सरकारला देणे बंधनकारक असते अशा रोगांच्या यादीत, आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा स्पष्ट उल्लेख होता, आणि २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे. मोजक्या मागांच्या, मोजक्या माणसांच्या शेडपर्यंत मात्र असे कायदे क्वचितच पोचतात.

हा आवाज येतो कुठून? पिकर हा मागाचा ठोकणारा भाग धोट्याला जोराने ठोकतो, धोटा ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांमधून धावत पलीकडच्या पेटीत आदळतो, तिथे थांबतो आणि पुन्हा उलटा ठोकला जातो, आणि हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते. दिलेली जवळजवळ सगळी गती दर फेरीला तिथल्या तिथे जिरवायची, असा हा प्रकार आहे. जिरवलेल्या गतीचा काही अंश आवाज होऊन बाहेर पडतो. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ९५ ते १०० डेसिबलची (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) पातळी सर्रास आढळते. वर पत्रा, खाली फरशी आणि चारी बाजूंना भिंती असल्यामुळे तो आवाज परतून येतो, म्हणून मागापासून चार पावले दूर उभे राहिल्याने फारसा फरक पडत नाही.

डेसिबलचे गणित साध्या बेरजेने चालत नाही. एकाच्या जागी तसेच दोन माग चालू झाले तर आकडा दुप्पट होत नाही, केवळ ३ ने वाढतो. उलट १० डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दसपट. याचा व्यावहारिक अर्थ असा, की चोवीसपैकी बारा माग बंद ठेवले तरी मोजमापात सुमारे ३ डेसिबलच कमी होतील. भारतातील नियमानुसार ९० डेसिबलच्या आवाजात आठ तास, ९५ मध्ये चार तास आणि १०० मध्ये दोन तास काम करता येते. अमेरिकेतील नायॉश ही संशोधन संस्था मात्र आठ तासांसाठी ८५ ची मर्यादा सुचवते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटेच उरतात. कान ऊर्जेचा हिशेब ठेवतो असे मानले, तर मला हा दुसरा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी. आवाजाच्या लाटेने त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सतत आदळणाऱ्या आवाजाने हे तंतू प्रथम मलूल होतात. रात्री पाळीवरून आल्यावर ज्या आकड्यावर टीव्ही नीट ऐकू येतो, त्याच आकड्यावर सकाळी तो कर्कश वाटतो, याचे कारण तेवढ्या वेळात पेशी सावरलेल्या असतात. हेच वर्षानुवर्षे घडत राहिले की त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

पहिला फटका ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे वरच्या पट्टीतल्या, आवाजांना बसतो. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून ते शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी फुसफुसणारी व्यंजने वरच्या पट्टीतली, ती गळतात. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. टॉवेलांचे नग मोजताना ही चूक झाली तर दोष माणसाच्या लक्षाला दिला जातो, कानाला नाही.

उपाय यंत्रापासून सुरू व्हावेत. झिजलेला पिकर, सैल झालेले बोल्ट आणि वंगणाविना घासणारे भाग आवाजात भर घालतात. चांगल्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, हे कानाने कळते, फक्त त्याचा कान शाबूत हवा. बिनधोट्याचे रॅपियर माग घेणे प्रत्येकाला परवडणारे नाही, पण धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना मागांच्या शेडमध्येच बसवण्याचे कारण बहुधा जागेची सोय एवढेच असते. मधे पक्की भिंत घातली तरी त्यांचे कान वाचतात. छताला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा जुगाड मात्र कोणी करू नये. त्याने यंत्रांचा आवाज फारसा अडत नाही, आणि सुताची तूस साठून आगीला आमंत्रण मिळते.

कानात रुईचा बोळा घालणारे पुष्कळ आहेत, पण त्याने आवाज फारच थोडा अडतो. फोमचा इअरप्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग धरून कान वर ओढून तो आत सारावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा; बाहेर लोंबत असेल तर तो दागिना समजावा. मे महिन्यातल्या सोलापुरी घामात तो काढून टाकावासा वाटणे स्वाभाविक आहे, मात्र हिशेब कठोर आहे: ३० डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांच्या पाळीत अर्धा तास जरी काढला, तरी दिवसाचे एकूण संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येते. ‘प्लग घातला तर मागाचा बिघाड ऐकू येणार नाही’ ही शंकाही नेहमी निघते. प्लग गोंगाट आणि बिघाडाचा आवाज दोन्ही खाली आणतो, म्हणून धडधाकट कानाला फरक ओळखता येतो; ज्याचे ऐकणे आधीच कमी झाले आहे त्याला मात्र अडचण येऊ शकते, आणि त्याची तक्रार खरी मानावी.

श्रवणचाचणी पाळी सुटल्याबरोबर करू नये, कारण थकलेला कान आहे त्यापेक्षा वाईट निकाल देतो. किमान १४ तास खडखडाटापासून दूर राहिल्यावर, म्हणजे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मागाचे बटण दाबण्याआधी ती करावी.