गावाच्या आरोग्याचे अग्रक्रम आराखड्यात कसे आणायचे: हक्क कुणाला, कागद कोणते, निधी कुठला

ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली: धूरफवारणी करा. प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) ‘धूरफवारणी करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले’ असं एक वाक्य पडतं आणि विषय संपतो. पैसा कुठला, करणार कोण, कधीपर्यंत, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. म्हणून पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा लिहावं लागतं. (धुराने उडणारे डास मरतात, रांजणातल्या अळ्या तशाच राहतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासण्याचा कोरडा दिवस जास्त कामाचा, पण त्याचा आवाज येत नाही.)

कागदावरचा अग्रक्रम म्हणजे आकडा, काम, निधीचं शीर्ष (पैसा कुठल्या सदरातला), जबाबदार माणूस आणि मुदत. यातलं एक जरी राहिलं तरी ती नुसती मागणी होते. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत ही मागणी पंचायतीच्या वार्षिक आराखड्यापर्यंत कशी न्यायची, ते पुढे दिलं आहे.

मागण्याचा हक्क कुणाला

ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. विषय मांडायला पद लागत नाही, की कुणाची शिफारस लागत नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जे कमी असेल ते. कोरम न भरल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही, पण तिथे मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय चालतात. त्यामुळे तुमचा विषय पहिल्याच विषयपत्रिकेवर असला पाहिजे. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात टाकलेल्या खर्चाच्या मागणीला पुढे कुणीही हरकत घेऊ शकतो.

दुसरं दार म्हणजे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, त्यातून ही समिती आली. अध्यक्षपद पंचायतीकडे, बहुतेक गावांत सरपंचांकडेच असतं. महाराष्ट्रात सचिवाचं काम सहसा अंगणवाडी सेविका पाहते. आशा, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, बचतगटाच्या बाया हे सदस्य. बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी. उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर तिथे जन आरोग्य समितीही असते. तिचे सदस्य-सचिव समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे गावात ज्यांना नुसतं ‘सीएचओ’ म्हणतात ते.

एका गटाचा आवाज मात्र या दोन्ही दारांतून आत येत नाही. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरनंतर सुरू होतात आणि जानेवारीअखेरपर्यंत चालतात. नेमक्या त्याच काळात ऊसतोडीची कुटुंबं फडावर असतात. बीड किंवा धाराशिवकडच्या कित्येक वस्त्यांमधले रोजचे प्रश्न, गरोदर बायांच्या चुकलेल्या तपासण्या, मुलांच्या राहिलेल्या लसी, ही माणसं गावात नसतानाच आराखड्यातून गळतात. त्यांचे विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरावात घ्या आणि हिवाळ्यात त्या ठरावाचा क्रमांक दाखवून आराखड्यात टाका. वीटभट्टीवर बाहेरून आलेल्या मजुरांना तर या गावात मतच नसतं. त्यांची संख्या आशाच्या यादीतून घ्यावी लागते.

आधी आकडे, मग मागणी

गावाचे आकडे गावातच असतात. जुलाब, ताप, श्वानदंश, सर्पदंश यांच्या नोंदी उपकेंद्रात, गरोदर माता आणि लसीकरणाच्या आरोग्य सेविकेकडे, सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) बालकांची संख्या अंगणवाडीत, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत आणि पाणी नमुन्यांचे अहवाल जलसुरक्षकाकडे. साथीच्या दृष्टीने पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. कार्ड लाल असेल तर पहिला अग्रक्रम शोधत बसायची गरज नाही.

दोन ठिकाणी हमखास गफलत होते. एक, टक्केवारी. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण तीसेक बाळंतपणं होतात. त्यात घरी झालेली प्रसूती एकाऐवजी दोन झाली की ‘शंभर टक्के वाढ’ असा अहवाल तयार होतो. लहान गावात टक्केवारी बाजूला ठेवा, तीन वर्षांची सरळ संख्या वाडीनिहाय मांडा. दोन, नावं. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांची यादी ग्रामसभेत वाचायची नसते. संख्या पुरते. अगदी लहान वाडीत तर संख्येवरूनही माणूस ओळखू येतो, तिथे दोन-तीन वाड्या एकत्र धरा.

क्रम लावण्यासाठी महिला सभेत चिंचोके वापरा. पाच-सहा प्रश्नांची चित्रं जमिनीवर मांडायची आणि प्रत्येकीला दहा चिंचोके द्यायचे. प्रश्न किती जणांना भोवतो, जिवावर बेततो का, दरवर्षी येतो का, आणि गावाच्या हातात किती आहे, एवढे चार निकष आधी मोठ्याने सांगायचे. हात वर करून मत घेतलं तर सासूसमोर सून कुठे हात वर करते? चिंचोके गुपचूप ठेवता येतात. निकालाचा फोटो आणि मोजणीचा कागद ठरावाला जोडायचा.

कोणत्या कामाला कुठला पैसा

ग्राम आरोग्य समितीचा अबंधित (एकाच ठरावीक कामाला न बांधलेला) निधी गावाला वर्षाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८३३. त्यातून स्वच्छता मोहीम, सर्वेक्षण, पोषणाचे उपक्रम, तातडीने रुग्ण हलवणं अशी एकापेक्षा जास्त घरांना उपयोगी पडणारी कामं करायची. एकाच घरावर खर्च चालतो तो निराधार बाई किंवा अत्यंत गरीब कुटुंब असेल तरच. ज्या कामाला पंचायतीकडे किंवा दुसऱ्या खात्याकडे पैसा आहे, ते शक्यतो यात घ्यायचं नाही. गटार याच पैशातून बांधलं की हमखास आक्षेप निघतो.

मोठा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६ मध्ये, ६० टक्के निधी बंधित (ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचा) होता: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च नाही. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा जुन्या प्रमाणावर हिशेब मांडू नका. चालू आदेशाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्या. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हे दोन आकडे ग्रामसभेत विचारून बघा. पेसा (अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या) गावांत ग्रामसभा कोषाचा पाच टक्के अबंध निधी आहे आणि त्याच्या वापरात आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे एक शीर्षच आहे.

रक्कम टाकताना मोजून टाका. दोन हजार वस्तीला माणशी ५५ लिटरने दिवसाला १,१०,००० लिटर पाणी लागतं. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ३३ टक्के क्लोरीनची आणि पाणी स्वच्छ असेल तर हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २७५ ग्रॅम, वर्षाला साधारण १०० किलो. पाणी गढूळ असेल तर जास्त. वर्षाची पावडर एकदम घेऊन उघड्या पिंपात ठेवली तर पावसाळ्यात ती ओल धरते, क्लोरीन उडून जातं आणि ऐन जुलैत पांढरी माती टाकल्यासारखं होतं. म्हणून साठा दोन हप्त्यांत घ्या, दुसरा जूनच्या तोंडावर. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायोग्य धरत नाहीत. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं आणि ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं का ते बघायची) टाकीजवळ नाही, लाइनीच्या शेवटच्या नळावर करायची.

कागदपत्रे

ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जासोबत एवढं पुरतं:

- विषय विषयपत्रिकेवर घेण्याचा अर्ज, दोन प्रतींत (एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच)
- तीन वर्षांच्या संख्येचा एक पानाचा तक्ता, खाली आरोग्य सेविका किंवा सीएचओ यांची सही
- समितीच्या बैठकीच्या ठरावाची प्रत
- महिला सभेच्या इतिवृत्ताची प्रत
- कामाचा अंदाजे खर्च. बांधकाम असेल तर जागेचा उतारा

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा अर्ज त्याच्याही आठवडाभर आधी हवा. नोटीस निघाल्यावर दिलेला अर्ज ‘पुढील सभेत घेऊ’मध्ये जातो.

ठराव कसा लिहून घ्यायचा

लिहिणारा माणूस घाईत असतो, म्हणून मसुदा तुम्हीच न्या:

‘मागील तीन वर्षांत जून ते सप्टेंबर या महिन्यांत वॉर्ड क्र. … व … वाडी येथे जुलाबाचे … रुग्ण उपकेंद्राच्या नोंदीत आहेत. शेवटच्या नळावरील … ओटी चाचण्यांपैकी … वेळा क्लोरीन आढळले नाही. सबब (१) वाडीच्या टाकीस क्लोरीन डोसर बसवणे, (२) टीसीएल दोन हप्त्यांत खरेदी करणे, (३) रोज ओटी नोंद ठेवणे. जबाबदारी: जलसुरक्षक व आरोग्य सेवक. निधी: वित्त आयोग, बंधित, पिण्याचे पाणी. मुदत: ३१ मे. सूचक … अनुमोदक … ठराव मंजूर.’

सभा संपण्याआधी हा मजकूर प्रोसिडिंग बुकात उतरला का ते वाचून घ्या. नंतर ‘पाणी शुद्धीकरणाबाबत चर्चा झाली’ असं वाक्य सापडलं तर दाद मागायला काही उरत नाही.

यापुढचा टप्पा बहुतेक जण विसरतात. वित्त आयोगाच्या पैशासाठी काम ई-ग्रामस्वराज पोर्टलवरच्या वार्षिक आराखड्यात चढलेलं असावं लागतं. आराखड्याच्या नऊ विषयांत ‘आरोग्यदायी गाव’ हा एक आहे, पण नुसता तो विषय निवडला म्हणून निधी येत नाही. काम, रक्कम आणि शीर्ष भरावं लागतं. पोर्टलवरचा मंजूर आराखडा कुणालाही पाहता येतो. फेब्रुवारीत एकदा तो उघडा आणि ठरावातलं काम त्यात, त्याच रकमेने, आहे का ते ताडून बघा.

गावाच्या हातात नसलेलं

डॉक्टरचं रिक्त पद, सर्पदंशाच्या लसीचा साठा, १०८ ची उशिरा येणारी गाडी हे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात टाकून काही होत नाही. त्यासाठी वेगळा ठराव करा. एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला. आरोग्य अभियानाचा आराखडा आता दोन-दोन वर्षांचा होतो, त्यामुळे तालुक्याची मागणी वर जाण्याआधी ठराव पोचला नाही तर बराच काळ थांबावं लागतं. ‘लस नाही’ असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, कितव्या रुग्णाला, कुठे पाठवावं लागलं ते लिहा.

खातं अडकतं तेव्हा

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की सरपंच बदलतो आणि ग्राम आरोग्य समितीच्या खात्यावरची सही जुनीच राहते. बँक पैसे देत नाही, वर्ष संपतं, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा कशावर खर्च झाला त्याचा दाखला) जात नाही आणि पुढचा हप्ता थांबतो. निवडीनंतरच्या पहिल्याच बैठकीत सही बदलण्याचा ठराव घ्या. बँकेत लागतं ते असं: ठरावाची प्रत, नव्या सरपंचांच्या निवडीचं पत्र, दोन्ही सहीदारांचे आधार, पॅन, फोटो, नमुना सह्या आणि जुनं पासबुक. सहीदार अंगणवाडी सेविका बदलली किंवा निवृत्त झाली तरी हेच करायचं. बिलं समितीच्या नावाची, दुकानाच्या शिक्क्याची आणि तारखेची घ्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकाच दुकानातून दहा हजारांचं फिनेल घेतलेलं बिल लेखापरीक्षकाला लांबूनच दिसतं.