घरात शिकलेल्या कलेलाही शिष्यवृत्ती मिळते: युवा कलाकारांचा अर्ज कसा भरावा

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात दशावताराच्या रंगमंचावर रात्ररात्र उभी राहणारी विशी-बाविशीची मुलं गावोगाव दिसतात. पिंगुळीत कळसूत्री बाहुल्या नाचवणारी आहेत, चिपळूणजवळ सावर्ड्याच्या कला महाविद्यालयातून रंग-रेषा शिकून बाहेर पडणारी आहेत. त्यांच्याच वयासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची एक शिष्यवृत्ती आहे, आणि ती त्यांच्यापर्यंत फारशी पोचत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

ही शिष्यवृत्ती नवी दिल्लीच्या सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रामार्फत दिली जाते. दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. पैसे सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येतात. प्रवास, पुस्तकं, रंग-कागद, वाद्यं, शिकवणीची फी या सगळ्यासाठी ते वापरता येतात. शास्त्रीय संगीत आणि नृत्य, नाटक, चित्र-शिल्पासारख्या दृश्यकला आणि लोककला, असे विषय आहेत. बाहुल्यांचा खेळ आणि लोकनाट्य लोककलेत धरलं जातं.

अर्जदार भारतीय नागरिक हवा. अर्जाच्या वर्षी १ एप्रिलला वय १८ पेक्षा कमी नको आणि २५ पेक्षा जास्त नको. नवशिक्यांसाठी ही योजना नाही. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं, आणि तसा गुरूचा दाखला जोडावा लागतो.

आपल्याकडची मुलं अडतात ती या दाखल्यापाशी. गेल्या वर्षी एका मुलाचा अर्ज भरायला त्याच्या घरी बसलो होतो. पखवाज आजोबांकडून शिकलेला, हात इतका तयार की बोलता बोलता बोटं पाटावर ताल धरत होती. ‘गुरूचं नाव’ या रकान्यापाशी थांबला. म्हणाला, “आजोबांचं नाव कसं लिहू? ते तर घरचेच.” पाच नाही, बारा वर्षं शिकला होता, पण त्याचा एक कागद नव्हता. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती घराण्यातून चालत आलेल्या कलेसाठीच. तेव्हा घरचा गुरू लिहायला संकोच कसला? दाखल्यात मात्र ‘चांगला शिकतो’ एवढंच नको. कोणत्या सालापासून, काय काय शिकवलं, कुठे साथ केली, हे स्पष्ट लिहून घ्या. माझा सल्ला असा, की घरच्या दाखल्यासोबत, ज्या दशावतारी नाट्यमंडळात काम किंवा साथ करता त्याच्या मालकांचं पत्रही जोडा. जत्रेचं हस्तपत्रक, त्यावर नाव असेल तर उत्तमच.

बाकी कागद नेहमीचे. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र, शिक्षणाची प्रमाणपत्रं, फोटो. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँक पासबुकावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आधी पाहा. तिथे फरक असेल तर दुरुस्तीला वेळ जातो. चित्रकारांनी कामांचे चांगले फोटो काढून ठेवावेत. चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगण्याच्या कलेतलं, पान सकाळच्या उजेडात पडवीत सपाट ठेवून, फ्लॅश न लावता, बरोबर वरून टिपा, म्हणजे रंग खरे येतात.

अर्ज तपासून झाले की निवडक उमेदवारांना तज्ज्ञ समितीपुढे बोलावतात. तिथे सादरीकरण करावं लागतं आणि आपल्या कलेविषयी प्रश्नही विचारतात. बाहुली कशी नाचवायची हे येतं, पण तिचे दोरे कुठे आणि का बांधले हे सांगता यायला हवं. घरी मोठ्याने बोलून सराव करा.

निवड झाल्यावर रोज किमान तीन तासांचा रियाज अपेक्षित असतो आणि दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो.

१० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटीचीच वेगळी शिष्यवृत्ती आहे. २५ ते ४० वयोगटाला संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (ज्युनिअर फेलोशिप) आहे, पण ती संशोधनासाठी. नुसत्या चित्रकारांनी कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनाकडेही लक्ष ठेवावं.

अर्जाची सूचना सीसीआरटीच्या संकेतस्थळावर येते. ती जत्रांच्या दिवसांत आली तर मालक आज एका गावी, उद्या दुसऱ्या. सहीसाठी त्यांना गाठणं कठीण. म्हणून पत्रावरची सही पावसाळ्यात, मंडळ घरी असतानाच घेऊन ठेवा.