खोती: कोकणातल्या जमिनीच्या भानगडी मुळात आल्या कुठून

कोकणी माणूस शेती करत नाही, जमिनी पडीक टाकून मुंबईला पळतो, असं देशावरची मंडळी सर्रास बोलतात. त्यांच्याकडे इंग्रजांनी रयतवारी आणली, म्हणजे शेतकरी आणि सरकार थेट, धारा म्हणजे जमिनीचा सरकारी सारा भरला की विषय संपला. आमच्या रत्नागिरी-कुलाब्यात (कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा) मधे खोत बसलेला. खोत म्हणजे मुळात गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा वतनदार, इंग्रजांच्या कितीतरी आधीपासूनचा, पण इंग्रजांची मोजणी आली, कोर्टं आली, १८८० चा खोती कायदा आला आणि जे रिवाजावर चालायचं ते कागदावर पक्कं झालं. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, कारण रिवाजावर गावात निदान हुज्जत तरी घालता यायची.

नुसत्या सरकारी धाऱ्यावर सुटणारे धारेकरी थोडे, बाकी सगळी कुळं, म्हणजे खोताची जमीन कसणारी. अर्धेलीने भात लावलं तर निम्मं खोताच्या घरी, बी-बियाणं आणि राबणं मात्र कुळाचं, आणि वर वेठ होतीच, खोताचा नांगर आधी धरायचा मग आपला. अशात तरणी पोरं गिरणीत गेली आणि घर मनीऑर्डरवर चाललं तर आळशीपणा कुठे आला? (पुढे खोती कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आलं त्या वेळी लोकमान्यांनी बाजू खोतांची घेतलेली, ते स्वतः खोत घराण्यातले, पण हे शाळेत कोण सांगतंय.)

मग १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला, शेतच लावायचं नाही असा, आणि तो १९३९ पर्यंत चालला! आसपासची गावंही त्यात, खायचे वांधे, लाकूडफाटा विकून दिवस काढले लोकांनी. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने कौन्सिलवर गेले, तरी बिल काही पुढे सरकलं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर.

कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला खरा, पण ज्यांची कुळं म्हणून कुठे नोंदच नव्हती त्यांनी काय दाखवायचं? काहींची नावं अजून सातबाऱ्यावर मालकाच्या जागी नाही, इतर हक्काच्या रकान्यात पडून आहेत, आणि हायवेच्या मोबदल्याची नोटीस आली की खोताचे वारस आणि कुळाचे वारस, दोघेही मुंबईहून गाडी पकडून प्रांत ऑफिसात हजर.