पार्श्वभूमी : आठ मिलिमीटरचा खेकडा आणि छापील कागदाचा हट्ट

जानेवारी २०१७ मध्ये ‘हॅरीप्लॅक्स सेव्हेरस’ हे नाव जगभर गाजलं ते त्यातल्या जादूगारामुळे, म्हणजे हॅरी पॉटरमुळे. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरचा हा खेकडा. कवच जेमतेम आठ मिलिमीटर रुंद, डोळे बारीक, पाय लांब आणि सडपातळ. प्रजातीबरोबर जीनसही (जवळच्या प्रजातींचा गट) नवी होती. ज्या कुळात ती बसवली ते कुळसुद्धा २०१४ मध्ये, हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या एका खेकड्यासाठी मांडलेलं. नावातला ‘हॅरी’ दोघांचा आहे : एक कादंबरीतला, दुसरा ज्याने हे नमुने गोळा केले तो. हा दुसरा पूर्वाश्रमीचा सैनिक, समुद्रजीवांचा अभ्यास स्वतःच शिकलेला. मेलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांचे ढीग खोलवर उकरून त्याने नमुने जमवले होते. जाळ्यात किंवा ड्रेजमध्ये (समुद्रतळ खरवडणाऱ्या साधनात) असला प्राणी येतच नाही. वर्णन छापून आलं ते जवळपास वीस वर्षांनी, आणि तोवर तो हयात नव्हता.

हा उशीर अपवादात्मक नाही. नमुना हाती लागल्यापासून प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. छोट्या खेकड्यांना तर हे फारच लागू पडतं. नराच्या पोटपट्टीखाली दडलेल्या प्रजननाच्या पायांची पहिली जोडी सूक्ष्मदर्शकाखाली रेखाटल्याशिवाय बहुतेक गटांत वेगळेपण सिद्ध होत नाही. बाटलीत फक्त माद्या किंवा पिल्लं असली तर बाटली तशीच फळीवर राहते.

प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ पासून धरतात. तेव्हा जवळजवळ सगळे खेकडे एकाच ‘कॅन्सर’ जीनसमध्ये होते. आपल्याकडचे अनेक सागरी खेकडे १७९८ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतून गेलेल्या नमुन्यांवरून नावारूपाला आले. १८९५ ते १९०० या काळात कलकत्त्याहून भारतीय खेकड्यांवरची मोठी लेखमाला निघाली. तिचा लेखक सर्वेक्षण जहाजावर काम केलेला लष्करी डॉक्टर होता. मुंबई राज्याच्या सागरी खेकड्यांची सविस्तर नोंद यायला १९५७ उजाडलं. आजही कोकणातला एखादा खेकडा नवा आहे असं म्हणायचं तर या जुन्या कामांशी ताडून बघावंच लागतं, आणि तरंगमबाडीचे मूळ नमुने कोपनहेगनला आहेत.

खरा घोळ गेल्या पंचवीसएक वर्षांतला. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली. तिच्यानुसार नाव वैध व्हायला छापील, टिकाऊ, एकसारख्या अनेक प्रती हव्यात. सीडी चालणार होती, पण निदान पाच मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत प्रती जमा केल्याचं लेखातच नमूद करायला हवं होतं. इंटरनेटवर टाकलेला मजकूर मात्र प्रकाशन मानायचाच नाही. म्हणजे संशोधक वाचत होते पीडीएफ आणि नियम मोजत होता कागद.

याचा कळस २००९ मध्ये झाला. जर्मनीतल्या एका माकडवर्गीय जीवाश्माचं नाव केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात, प्रचंड प्रसिद्धीसह जाहीर झालं आणि संहितेच्या लेखी ते नाव अस्तित्वातच नव्हतं. प्रकाशकांनी घाईने ५० प्रती कागदावर छापल्या, तेव्हा कुठे ते वैध ठरलं. कायद्याचं पालन झालं, हसंही झालं.

इलेक्ट्रॉनिक प्रकाशन मान्य करणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा २००८ मध्येच पुढे आला होता. विरोधकांचं म्हणणं असं, की फायली नाहीशा होतात, फॉरमॅट बदलतात, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांना रान मोकळं मिळेल. यातला शेवटचा मुद्दा पुढे खरा ठरला हे मान्य करायला हवं. पण तीन शहरांतल्या ग्रंथालयांत पडून असलेला छापील अंक हा सर्वांना खुला पुरावा, आणि कुठेही दोन मिनिटांत उतरवता येणारी फाइल तेवढी संशयास्पद, हा युक्तिवाद ज्यांच्या दाराशी ग्रंथालय होतं त्यांनाच परवडणारा होता.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी १ जानेवारी २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशन मान्य केलं. प्राणिशास्त्राचा निर्णय त्या वर्षी ४ सप्टेंबरला आला आणि तो २०१२ च्या सुरुवातीपासून लागू धरला. अटी अशा : प्रसिद्धीआधी अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत लेखाची नोंद, नोंद झाल्याचा पुरावा लेखातच, प्रसिद्धीची तारीखही लेखातच, आणि फाइल कायम जपणाऱ्या संग्रहाचं नाव नोंदवहीत. यातलं काही सुटलं की नाव अवैध. लेखकाने मेहनतीने रेखाचित्रं काढली, तज्ज्ञांनी लेख तपासला, पण नोंदणीचा क्रमांक छापायचा राहिला, तर नावाच्या दृष्टीने तो लेख कोरा. ते नाव पुन्हा रीतसर प्रसिद्ध करायचं, आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी त्याच खेकड्याला नाव दिलं तर मान त्याचा.

त्यातही ‘प्राथमिक आवृत्ती’चं त्रांगडं आहे. अंक निघण्याआधी संकेतस्थळावर चढवलेली कच्ची प्रत प्रकाशन नव्हे, असं दुरुस्तीत म्हटलंय. पण काही नियतकालिकांची आगाऊ प्रत अंतिमच असते, फक्त पानांचे क्रमांक बदलतात. मग नावाची तारीख कोणती, यावर वाद होतात, कधी कधी वर्षच बदलतं.

भारतात याला आणखी एक पदर आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार, नवी प्रजाती सापडली की नेमून दिलेल्या भांडारसंस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. सागरी प्राण्यांसाठी अशी एक संस्था गोव्यात आहे. म्हणजे नवा नमुना तरी १७९८ सारखा परदेशी जाऊन बसत नाही.

नोंदणीची सक्ती फक्त इलेक्ट्रॉनिक प्रकाशनाला आहे, कागदाला नाही. त्यामुळे एखाद्याने नवा खेकडा वर्णिला आणि त्याच्या अनेक छापील प्रती रीतसर प्रसिद्ध केल्या, तर नोंदवहीत एक ओळ नसतानाही ते नाव वैध ठरतं आणि इतरांना ते मागाहून शोधत बसावं लागतं.