एक पेटी काढली की काय काय हलते : जुन्या मोटारसायकलींच्या रूपांतरामागचे विज्ञान

जुन्या मोटारसायकलीला कॅफे रेसरचे, म्हणजे रेसिंग गाडीसारखे हलके आणि सडसडीत, रूप द्यायला बसलेला माणूस सर्वांत आधी बहुधा सीटखालची एअर फिल्टरची पेटी काढतो. ती अवजड असते, फ्रेमच्या मधल्या त्रिकोणातली सगळी जागा अडवते आणि तिच्या जागी कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडावर छोटासा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला की गाडी एकदम हलकी आणि मोकळी दिसू लागते. पेटी काढायला दहा मिनिटे पुरतात. ती काढल्यामुळे बिघडलेला मेळ पुन्हा जमवायला मात्र अनेक संध्याकाळी लागू शकतात. घरच्या कार्यशाळेत जुनी गाडी बदलण्याचे खरे शास्त्र या मेळात आहे. गाडीतला प्रत्येक भाग दुसऱ्या कोणत्या तरी भागाचा हिशेब धरून बनवलेला असतो, म्हणून एक भाग हलवला की दुसऱ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल कोणी ढकलत नाही. ते ओढले जाते. हवेचा मार्ग एका ठिकाणी अरुंद केलेला असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिचा दाब कमी होतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांमधल्या फरकामुळे पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर चढते आणि हवेत मिसळते. मूळ पेटीतून येणाऱ्या हवेला थोडा अडथळा असल्याने अरुंद भागापाशी पोहोचण्याआधीच तिचा दाब किंचित उतरलेला असतो आणि कारखान्याने निवडलेला जेट त्या जास्तीच्या ओढीचा विचार करून निवडलेला असतो. अडथळा गेला की हवा मुबलक येते, पण तेवढ्याच हवेमागे पेट्रोलला बसणारी ओढ कमी होते आणि मिश्रण विरळ होते.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर, मात्र इंजिनाला साधारण साडेबारा ते तेरास एक असे गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचे, मिश्रण दिले जाते. त्यात ताकद जास्त मिळते, शिवाय जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते आणि ज्वलनाचे तापमान आवाक्यात राहते. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाला हा आधार फार मोलाचा आहे. मिश्रण विरळ होत गेले की पिस्टनचे डोके आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापू लागतात आणि स्वाराला मात्र गाडी उलट चपळ झाल्यासारखी वाटते. हा फसवा काळ मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पेटी काढल्यानंतर मेन जेट (पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल देणारा मुख्य जेट) बदलल्याशिवाय गाडी लांब पळवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

जेट किती मोठा घ्यावा, याचाही अंदाज गणिताने येतो. पेट्रोलचा प्रवाह छिद्राच्या क्षेत्रफळावर आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. १.०० मिलिमीटरचा जेट काढून १.०५ मिलिमीटरचा बसवला, तर व्यास ५ टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ १० टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. म्हणून जेट एकेक पायरीने बदलावा, प्रत्येक बदलानंतर पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर चालवून लगेच इंजिन बंद करावे आणि स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीचा रंग पाहावा. स्वच्छ पांढरा रंग दिसला तर मिश्रण अजून विरळ आहे. कोरडी काजळी दिसली तर जास्तच गडद झाले आहे.

सायलेन्सर कापून आखूड करण्याचा मोहही असाच असतो आणि तिथे प्रश्न केवळ आवाजाचा नसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. साध्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तापलेल्या एक्झॉस्ट वायूत ही लाट ५०० ते ६०० मीटर वेगाने जाते. नळीच्या उघड्या तोंडाशी पोहोचल्यावर ती उलटते आणि कमी दाबाची लाट बनून मागे येते. ती नेमक्या वेळी परतली, तर उरलासुरला जळका वायू ओढून नेते आणि ताज्या मिश्रणाला वाट मोकळी करून देते. नळी ८० सेंटिमीटर लांब आणि वेग ५०० मीटर धरला, तर जाऊन येण्यास ३.२ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर एवढ्या वेळात क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ५८ अंश फिरतो, तर ५,००० फेऱ्यांवर ९६ अंश. म्हणजे कोणतीही एक लांबी फेऱ्यांच्या एखाद्याच पट्ट्यात खरी मदत करते. नळी कापणारा माणूस हा पट्टा वर सरकवतो आणि मग रोजच्या वेगात गाडी ओढत का नाही, या कोड्यात पडतो.

टू-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा ज्वलन होणाऱ्या इंजिनात, तर या लाटेचे महत्त्व इतके आहे की एक्झॉस्ट हा इंजिनाचाच एक भाग मानावा लागतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात फुगीर पोटाच्या नळ्यांवर चिकाटीने काम केले. पुढे रुंद होत जाणारा शंकू लाट खेचून घेतो आणि मागचा निमुळता शंकू ती परत पाठवतो. बाहेर निसटलेले ताजे मिश्रण त्यामुळे सिलिंडरमध्ये परत ढकलले जाते. १९६१ पर्यंत त्यांचे १२५ सीसीचे रेसिंग इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागले होते. अशा गाडीला दिसायला छान म्हणून सरळ नळी लावणे हे इंजिनाचा एक अवयव काढून टाकण्यासारखे आहे.

इंजिनातली चूक बहुतेक वेळा खिशाला लागते, पण फ्रेममधली चूक जिवाला लागू शकते. या छंदाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली जोडणीही फ्रेमच्याच बळावर उभी राहिली. रेक्स मॅककँडलेस यांनी आखलेली फेदरबेड फ्रेम १९५० मध्ये नॉर्टन कंपनीच्या रेसिंग गाड्यांवर आली आणि तिची पकड व स्थैर्य पाहून ब्रिटनमधल्या तरुणांनी तिच्यात ट्रायम्फ कंपनीचे जोड-सिलिंडर इंजिन बसवायला सुरुवात केली. या संकराला ट्रायटन हे नाव पडले. त्या गाड्या देखण्या होत्याच; पण मुळात भक्कम फ्रेम आणि उत्तम इंजिन यांची निवड विचारपूर्वक केलेली होती, याचे मला अधिक कौतुक वाटते.

फ्रेमच्या भूमितीतले एक माप प्रत्येकाने स्वतः काढून पाहण्यासारखे आहे, ते म्हणजे ट्रेल. स्टिअरिंगच्या अक्षाची रेषा खाली वाढवली, तर ती चाक जिथे जमिनीला टेकते त्याच्या थोडी पुढे पोहोचते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. सामानाच्या ढकलगाडीचे छोटे चाक जसे आपोआप चालीच्या दिशेला वळते, तसे ट्रेलमुळे पुढचे चाक सरळ राहू पाहते. चाकाची त्रिज्या ३१० मिलिमीटर, अक्षाचा उभ्या रेषेपासूनचा कल २७ अंश आणि पुढचे चाक धरणारा फोर्क अक्षाच्या ६० मिलिमीटर पुढे असेल, तर ट्रेल सुमारे ९१ मिलिमीटर येतो. आता चॉपरच्या (लांब फोर्कच्या, पुढे ताणलेल्या गाडीच्या) हौसेने १०० मिलिमीटर लांब फोर्क बसवला आणि दोन चाकांमधले अंतर १,४०० मिलिमीटर असले, तर पुढची बाजू उचलली जाऊन कल साडेतीन अंशांनी वाढतो आणि ट्रेल ११३ मिलिमीटरच्या आसपास जातो. हमरस्त्यावर गाडी शांतपणे सरळ धावते, पण कमी वेगात वळवताना हँडल जड लागते आणि चाक बाजूला कलंडू पाहते. याउलट मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलून मागची बाजू ३० मिलिमीटर उचलली, तर कल सव्वा अंशाने घटतो आणि ट्रेल ८३ वर येतो. वळणे सोपी होतात, पण वेगात हँडल थरथरण्याची शक्यता वाढते. दुचाकीचे स्थैर्य एकट्या ट्रेलवर ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. ट्रेल आणि चाकांचा भोवरा-परिणाम दोन्ही काढून टाकूनही सायकल स्वतःहून तोल सावरू शकते, हे संशोधकांनी २०११ मध्ये प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवले. तरीही कारखान्यातून आलेल्या गाडीत बदल करताना ट्रेल हा सर्वांत सोपा आणि उपयोगी इशारा आहे.

सीट आखूड करण्यासाठी फ्रेमची शेपटी कापली जाते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या नळ्या मोकळ्या टोकांनी लोंबत राहतात. त्या टोकांना जोडणारी कमान केवळ शोभेची नसते. ती लावल्यावर चौकट बंद होते आणि पिळाला विरोध करते. नवी नळी जोडताना आत घट्ट बसणारा पोलादी तुकडा घालावा. सांध्यावरचा ताण त्यामुळे एकाच रेषेत एकवटत नाही. धातू एका मोठ्या धक्क्याने क्वचितच तुटतो. लाखो लहान हिसक्यांनी तो थकतो आणि वेल्डच्या काठावर, जिथे आकार अचानक बदलतो, तिथे चीर धरतो. जुन्या गाड्यांबाबत एक खास सावधगिरी हवी. अनेक जुन्या फ्रेममधल्या नळ्या ओतीव सांध्यांत पितळाने जोडलेल्या असतात. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते, पोलाद दीड हजाराच्या आसपास. असा सांधा न ओळखता त्यावर वेल्डिंग केले, तर वितळलेले पितळ पोलादाच्या कणांमधल्या सीमांत शिरते आणि सांधा आतून ठिसूळ होतो. म्हणून रंग खरवडून पिवळसर कडा दिसते का, हे आधी पाहावे.

घरच्या कामात मला सर्वांत आनंद देणारे तंत्र सोपे आहे, ते म्हणजे उष्णतेने बेअरिंग बसवणे. क्रँककेसमध्ये (क्रँक सामावणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या पेटीत) बेअरिंगसाठी गोल खाच असते, तिला घर म्हणतात; त्या घरात बेअरिंग काही शतांश मिलिमीटर जास्त घट्ट असते. हातोडीने ठोकले तर घराला ओरखडे पडतात. ॲल्युमिनिअम दर अंशाला सुमारे २३ दशलक्षांश प्रसरण पावते, पोलाद साधारण त्याच्या निम्म्याने. ५२ मिलिमीटर व्यासाचे घर ८० अंशांनी तापवले, तर ते जवळपास ०.१ मिलिमीटर मोठे होते. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेले बेअरिंग आणखी दोन-तीन शतांशांनी आकसलेले असते. गरम केसवर ते सरळ धरून सोडले की हलकासा आवाज करत जागेवर जाऊन बसते. केस मात्र ओव्हनमध्ये सावकाश, सगळीकडून सारखी तापवावी, कारण एकाच जागी गॅसची ज्योत धरली तर ती वाकते.

याच प्रसरणामुळे पिस्टनही पूर्ण गोल नळकांडे नसतो. ७० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे डोके २०० अंशांनी तापले, तर ते जवळजवळ ०.२८ मिलिमीटर फुगते, तर १२० अंशांनी तापलेला बिडाचा सिलिंडर जेमतेम ०.०९ मिलिमीटर. म्हणून डोक्याकडचा भाग मुद्दाम बारीक ठेवतात आणि मोजमाप नेहमी खालच्या घेरावर, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवरच घेतात.

टाकीतला गंज काढण्यासाठी घरी विजेचा वापर करता येतो. टाकी पेट्रोलपासून पूर्ण स्वच्छ करून धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरावी, टाकीला १२ व्होल्टचे ऋण टोक आणि पाण्यात टाकीला न टेकणाऱ्या लोखंडी सळईला धन टोक जोडावे. सैल झालेला गंज सुटून खाली बसतो आणि चांगला पत्रा झिजत नाही. सळई स्टेनलेस स्टीलची मुळीच वापरू नये, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करावे. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्के असली की मिश्रण स्फोटक होते, त्यामुळे न धुतलेल्या टाकीजवळ वेल्डिंग करू नये.

जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे हा वेगळाच विषय आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठरवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंश. जवळच्या मापाचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो, म्हणून तो बरोबर आहे असे समजून पाना लावला की ॲल्युमिनिअमचे आटे कायमचे जातात. आट्यांचे गेज (आटे मोजायची पट्टी) स्वस्त असते आणि ते हाताशी हवेच.

विजेच्या बाबतीत ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टवर नेणे फायद्याचे असते. ३५ वॅटच्या दिव्याला ५.८ ऐवजी २.९ अँपिअर पुरतात आणि त्याच तारेत वाया जाणारी शक्ती एक चतुर्थांश होते.

जुने ब्रेकशू आणि गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बंद करून टाकावे. क्लोरिनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग पूर्ण वाळण्याआधी वेल्ड केला, तर फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो.

सगळी जोडणी झाल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर गाडी पुन्हा उघडून तपासावी, कारण गॅस्केट दबलेले असतात आणि नव्या बोल्टांचा ताण उतरलेला असतो. तारांच्या चाकांची तपासणी तर कानाने होते. चाकाचा भार खरे तर तारांच्या ताणामुळे पेलला जातो. जमिनीजवळच्या तारांचा ताण प्रत्येक फेरीत कमी होतो आणि वर जाताना पुन्हा वाढतो. ताणलेल्या तारेचा स्वर तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. चाक उचलून धरावे, लहान पान्याने एकेक तार हलके वाजवत जावे. एकाच लांबीच्या आणि जाडीच्या तारांत जी बद्द वाजते, ती सैल आहे. तिच्या निपलला (तार ताणणाऱ्या छोट्या नटाला) पाव फेरा द्यावा, पुन्हा वाजवून ऐकावे आणि मग पुढच्या तारेकडे वळावे.